काख आणि बिकिनी लाइनचं वॅक्सिंग घरी: नागपूरच्या हवेत नीट कसं करायचं

हातापायांचं वॅक्सिंग घरी सराईतपणे करणाऱ्यांचाही हात काखेत आणि जांघेजवळ चुकतो. याचं कारण तिथल्या त्वचेत आणि केसांत आहे. तिथली त्वचा पातळ आणि सैल असते, घडीची असल्यामुळे सतत घासली जाते आणि सतत घामेजलेली असते. केस मात्र हातापायांवरच्यापेक्षा जाड असतात, त्यांची मुळं खोल असतात आणि ते एकाच दिशेनं वाढत नाहीत. त्यात आपली नागपूरची हवा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना जे वॅक्स मधासारखं वाहतं, तेच डिसेंबरच्या पहाटे दगड होतं आणि श्रावणात चिकट राहतं. वॅक्सच्या डब्यावरच्या सूचना या हवेचा विचार करून लिहिलेल्या नसतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. साल निघणं, काळंनिळं होणं, केस मध्येच तुटून आत वाढणं यातले बहुतेक प्रकार तीन कारणांनी होतात: त्वचा ताणून न धरणं, वॅक्सचा ताव चुकणं आणि एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा पट्टी ओढणं. पुढचा सगळा लेख या तीन चुका टाळण्याबद्दल आहे.

आधी हे तपासा, नाहीतर वॅक्स करू नका

जांघेत गोल, लालसर, कडेनं उठावदार आणि खाजरा चट्टा असेल तर तो बहुधा गजकर्ण किंवा नायटा असतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तो आपल्याकडे घरोघरी दिसतो. त्यावरून वॅक्स फिरवलं की बुरशी शेजारच्या त्वचेवर पसरते. त्याहून गंभीर बाब म्हणजे नायट्यावर मेडिकलमधून विचारून आणलेली मिश्र मलमं. त्यांपैकी बऱ्याच मलमांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे जोरकस स्टेरॉइड असतं. ते आठवडेच्या आठवडे लावलं की घडीतली त्वचा कागदासारखी पातळ होते आणि वॅक्सबरोबर सोलून येते. असं मलम लावत असाल तर वॅक्सचा विचार सोडा आणि आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, दोन्हीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे.

मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा बंद करून सहा महिने झाले नसतील, तर शरीरावर कुठंही वॅक्स नको. ट्रेटिनॉइन, ॲडापॅलिन किंवा ग्लायकोलिक ॲसिड ज्या जागी लावता, तिथं ते वॅक्सच्या किमान आठवडाभर आधी थांबवा. काखेचा काळेपणा घालवायला हल्ली अशी क्रीम सर्रास लावली जातात, म्हणून हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, साखर आटोक्यात नसेल, त्या जागी नागीण उठली असेल किंवा पाण्याच्या थेंबासारखे चामखीळवजा फोड असतील, तर घरी हात लावू नका. तीळ किंवा मस असेल तर त्याच्या भोवतीनं काम करा, त्यावर वॅक्स लावू नका.

काखेची त्वचा मखमलीसारखी जाड आणि काळी झाली असेल आणि मानेवरही तशीच काळी घडी असेल, तर दोष वॅक्सचा नाही. बऱ्याचदा तो शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याचा संकेत असतो. अशा वेळी रक्तातली साखर तपासून घेण्यानं जास्त फायदा होईल.

कुठलं वॅक्स

घडीच्या जागी पट्टीनं ओढायचं मऊ वॅक्स आम्ही सुचवत नाही. ते केसांइतकंच त्वचेलाही चिकटतं. हातापायांना ते ठीक आहे, पण काखेत साल जाण्याचं एक मोठं कारण तेच. दोन पर्याय बरे: दाण्यांचं कडक वॅक्स, म्हणजे बीन्स वॅक्स, आणि घरी केलेलं साखरेचं वॅक्स.

बीन्स वॅक्स थंड होताना आकसतं आणि केसाला चहूबाजूंनी धरतं. त्याला पट्टी लागत नाही, वाळलेला थरच पट्टी म्हणून ओढायचा. पहिल्यांदा करणाऱ्यांनी काखेसाठी हेच घ्यावं. दोन्ही काखा आणि दोन्हीकडची बिकिनी लाइन मिळून १०० ग्रॅम दाण्यांत आरामात होतं. बहुतेक बीन्स वॅक्समध्ये चीडच्या झाडाची राळ असते आणि काहींना तिची ॲलर्जी असते. ही ॲलर्जी दोन-तीन दिवसांनीही उठते. म्हणून दंडाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावून ओढा आणि ४८ ते ७२ तास वाट बघा. चोवीस तासांत काही झालं नाही म्हणून पुढं जाऊ नका.

नागपुरात बर्डीत किंवा इतवारीच्या ठोक दुकानांत सुटे दाणे पिशवीत बांधून मिळतात. पुडक्यावर घटक, बॅच क्रमांक आणि तारीख छापलेली असेल तेच घ्या. ॲलर्जी उठली तर डॉक्टर पहिला प्रश्न त्यात काय होतं हाच विचारतील.

साखरेच्या वॅक्समध्ये राळ नसते आणि ते कोमट पाण्यानं धुऊन निघतं. पण ते जमवायला हात बसावा लागतो.

साखरेचं वॅक्स: पाकाचं गणित

ज्यांना तिळाची वडी किंवा चिक्की येते त्यांना हे अर्धं येतंच. ४०० ग्रॅम साखर, ६० मिली लिंबाचा रस आणि ६० मिली पाणी. जाड बुडाचं, उंच काठाचं पातेलं घ्या, कारण पाक फसफसून वर येतो. उन्हाळ्यात लिंबं महागली तर ३ ग्रॅम लिंबूफूल, म्हणजे सपाट पाऊण चमचा, १२० मिली पाण्यात विरघळवून वापरा. घरात संत्री ढीगभर असली तरी संत्र्याचा रस चालत नाही, त्यात आम्ल फार कमी असतं. आम्लाचं काम साखर फोडून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करण्याचं. ते नीट झालं नाही तर थंड झाल्यावर पाक रवाळ होतो आणि त्वचेवर खरखरत फिरतो.

साखर विरघळेपर्यंत मंद आचेवर ढवळा. एकदा उकळी फुटली की ढवळणं बंद, फक्त पातेलं अधूनमधून हलवा. काठावर साखर वाळली तर ओल्या ब्रशनं पुसून आत घ्या, नाहीतर तिथूनच दाणे धरतात. पंधरा-वीस मिनिटांत रंग मधासारखा होऊ लागतो. आता दर मिनिटाला वाटीभर गार पाण्यात थेंब टाकून बघा. थेंब पाण्यात पसरला तर पाक कच्चा आहे. बोटांनी वळून मऊ गोळी झाली आणि दाबल्यावर चपटी झाली, तर तो गोळीबंद पाक. साखरेचा थर्मामीटर असेल तर ही अवस्था साधारण ११८ ते १२२ अंशांना येते. गोळी दाबताना कट्ट झालं तर चिक्की झाली. मग गॅस बंद करून, अंगावर वाफ येणार नाही अशा बेतानं दोन चमचे गरम पाणी घाला आणि मंद आचेवर पुन्हा आणा.

आता हवेचा हिशेब. एप्रिल-मेमध्ये गोळी थोडी घट्ट होईपर्यंत पाक न्या, नाहीतर अंगाच्या आणि खोलीच्या उष्णतेनं तो हातातच ओघळतो. डिसेंबर-जानेवारीत मऊ गोळीवरच थांबा. पावसाळ्यात झाकण घट्ट लावा, साखर हवेतलं पाणी ओढून सैल होते.

पाक १२० अंशांचा असतो आणि अंगाला चिकटून राहतो, म्हणून उकळत्या पाण्यापेक्षा तो जास्त खोल भाजतो. पातेलं पक्कडीनं घट्ट धरून स्टीलच्या वाटीत ओता, लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा आणि किमान तासभर त्याला हात लावू नका. वरून गार वाटणारा पाक मधोमध भाजण्याइतका गरम असू शकतो. सुरुवात करताना मधल्या भागातलाच थेंब काडीवर घेऊन मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

दिवस, वेळ आणि खोली

केस ५ ते ६ मिलीमीटर, म्हणजे साधारण तांदळाच्या दाण्याएवढे हवेत. त्याहून आखूड असले तर वॅक्सला पकडता येत नाहीत आणि मग तीच जागा तीनदा ओढली जाते. सेंटीमीटरभराहून लांब असले तर ओढताना विनाकारण दुखतं, आधी कात्रीनं कापून घ्या. रेझर वापरत असाल तर शेवटच्या वेळेनंतर दोन-तीन आठवडे थांबा. पाळीच्या दोन-तीन दिवस आधी आणि पाळीत बऱ्याच जणींना जास्त दुखतं, पाळी संपल्यावरचा आठवडा सगळ्यात सोपा जातो.

नागपुरात वेळेची निवड फार महत्त्वाची. उन्हाळ्यात दुपारी करूच नका. घामाचा एक थेंबही वॅक्सची पकड सोडवतो. आणि कूलर हा इथला छुपा शत्रू आहे. खोली गार करतो म्हणून तो चालू ठेवावासा वाटतो, पण तो हवेत पाणी सोडतो. त्वचा दमट होते आणि साखरेचं वॅक्स पाझरू लागतं. एसी असेल तर उत्तम. नसेल तर पहाटे सहाच्या आसपास किंवा रात्री जेवणाआधी, कूलर अर्धा तास आधी बंद करून फक्त पंख्यावर काम करा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पंख्याची हवाही गरम असते आणि बीन्स वॅक्सचा थर धड वाळत नाही. ते नऊ दिवस सोडून दिलेले बरे.

रात्रीची वेळ आणखी एका कारणानं चांगली: केल्यानंतरचे आठ-दहा तास घाम, ऊन आणि घट्ट कपडे टळतात.

काख

काख साध्या साबणानं धुवा, डिओचा थर पूर्ण जाऊ द्या आणि टॉवेलनं टिपून पाच मिनिटं वाळू द्या. बीन्स वॅक्स लावणार असाल तर खोबरेल तेलाचे दोन थेंब तळव्यावर चोळून त्वचेवर पातळ पुसा आणि जास्तीचं टिपून घ्या. तेलामुळं वॅक्स त्वचेला कमी आणि केसाला जास्त धरतं. जास्त झालं तर मात्र काहीच धरत नाही. साखरेच्या वॅक्सला तेल नको, टाल्कम पावडरचा हलका हात पुरे.

दाणे वॅक्स हीटरमध्ये पूर्ण वितळवा, मग आच कमी करून दाट मधासारखं होऊ द्या. काडी उचलल्यावर धार तुटक पडली पाहिजे. पाण्यासारखी सलग धार पडली तर वॅक्स अजून फार गरम आहे. मायक्रोवेव्ह वापरू नका, त्यात काही भाग उकळतो आणि काही तसाच राहतो. आधी मनगटाच्या आत ठिपका लावून बघा. उबदार वाटलं पाहिजे, चटका नको.

आरशासमोर हात वर करून केसांची दिशा बघा. बहुतेकांच्या काखेत वरच्या अर्ध्या भागातले केस वर जातात आणि खालच्या अर्ध्यातले खाली. काहींच्या मध्ये भोवरा असतो. म्हणजे एका काखेत किमान दोन, कधी चार तुकडे. एकच मोठी पट्टी लावून सगळं एकदम काढायला जाणं ही इथली सगळ्यात जास्त होणारी चूक. अर्धे केस उलट्या दिशेनं तुटतात आणि पंधरा दिवसांनी आत वाढून पुळ्या होतात.

उताणं झोपा आणि हात डोक्याखाली घ्या. एकट्यानं करताना त्वचा ताणायला दुसरा हात उरत नाही, म्हणून ही स्थिती उभं राहण्यापेक्षा कितीतरी चांगली. पहिल्या दोन-तीन वेळा बहिणीला किंवा मैत्रिणीला काखेखालची त्वचा कमरेच्या दिशेनं ओढून धरायला सांगा.

काडीनं केसांच्या दिशेनं वॅक्स लावा. थर दोन ते तीन मिलीमीटर जाड, रुंदी दोन-अडीच सेंटीमीटर, लांबी पाच. कडा पातळ ठेवू नका, पातळ कड तुटते आणि तिचे तुकडे खरवडत बसावे लागतात. थर जिथं संपतो त्या टोकाला केस नसलेल्या जागेवर थोडा जाड कान सोडा, ओढताना तोच चिमटीत धरायचा. वीस ते चाळीस सेकंद थांबा. बोट लावल्यावर चिकटत नाही पण वाकवल्यावर वाकतं, हा योग्य ताव. उन्हाळ्यात मिनिटभर लागेल. थंडीत पंधरा सेकंदांतच कडक होतं, आणि जास्त थांबलात तर काचेसारखं तडकतं. तडकलं तर तळवा ठेवून जरा ऊब द्या.

कान धरा, त्याच्या लगतची त्वचा घट्ट ताणलेली आहे ना ते बघा आणि केसांच्या उलट दिशेनं, त्वचेला लागून, एका झटक्यात ओढा. हात त्वचेला समांतर जायला हवा. वर छताकडे ओढलं की त्वचाही बरोबर उचलली जाते, रक्त साकळतं आणि केस मुळापाशी न निघता मध्ये तुटतात. सावकाश ओढणं हा दयाळूपणा नाही, त्यानं फक्त जास्त दुखतं. ओढताना श्वास सोडा आणि लगेच तळवा घट्ट दाबून धरा. दाबामुळं कळ पटकन उतरते.

एका जागेवर बीन्स वॅक्स जास्तीत जास्त दोनदा, साखरेचं एकदाच. उरलेले चार केस धुतलेल्या चिमट्यानं काढा किंवा सोडून द्या. जाड केसांच्या जागी पहिल्यांदा बारीक रक्ताचे ठिपके येतात. ते साहजिक आहे, स्वच्छ कापूस मिनिटभर दाबा. वापरलेली काडी पुन्हा भांड्यात बुडवू नका. काखेतले जंतू कोमट वॅक्समध्ये मरत नाहीत. आईस्क्रीमच्या काड्यांचं शंभरचं पुडकं स्वस्त मिळतं, प्रत्येक वेळी नवी काडी घ्या.

साखरेचं वॅक्स हातानं करायचं तर दिशा उलटी. लिंबाएवढा गोळा घेऊन मोतिया रंगाचा होईपर्यंत मळा, केसांच्या उलट दिशेनं दाबत पसरवा आणि केसांच्या दिशेनं झटका द्या. दिशेसोबत ओढल्यामुळं केस कमी तुटतात, हा याचा मोठा गुण. गोळा बोटांना चिकटू लागला तर तो उष्णतेनं सैल झालेला असतो, टाकून द्या आणि नवा घ्या.

बिकिनी लाइन

सीमा आधी ठरवा: जुनी सुती चड्डी घाला आणि तिच्या काठाबाहेर जे दिसतं तेवढंच घरी करा. काठाच्या आतली त्वचा अतिशय नाजूक असते, तिथं नीट दिसत नाही आणि हातही पोचत नाही. तिथलं काम प्रशिक्षित हातांवर सोडा किंवा कात्रीनं आखूड करून समाधान माना. ते केस तिथं संरक्षणासाठी असतात आणि ते काढणं आरोग्याची गरज नाही.

भिंतीला उशी लावून टेका, एक गुडघा वाकवून बाहेर टाका आणि समोर आरसा ठेवा. केस साधारण खाली आणि आतल्या बाजूला वाढतात. वॅक्स त्याच दिशेनं लावा, पण पट्टी काखेपेक्षाही लहान, दोन सेंटीमीटर रुंद आणि चार लांब. बाहेरच्या, कमी केसांच्या कडेपासून सुरुवात करा आणि एकेक पट्टीनं आत या. दाट भागात थेट शिरलात तर पहिल्याच ओढीला धीर सुटतो. मोकळ्या हाताचा तळवा पट्टीच्या खालच्या बाजूला ठेवून त्वचा ताणा, मग वर आणि बाहेरच्या दिशेनं ओढा. जांघेच्या घडीवर आडवी पट्टी कधीही लावू नका. पाय हलला की घडी आत दुमडते आणि ओढल्यावर तिथंच साल जाते.

मध्येच दुखणं असह्य झालं आणि पट्टी अंगावरच राहिली, तर घाबरू नका. बीन्स वॅक्स असेल तर कडेनं खोबरेल तेल लावत मऊ करा आणि पुसून काढा. साखरेचं असेल तर कोमट पाण्याचा ओला रुमाल पाच मिनिटं ठेवा. दुखरेपणा आधीच कमी ठेवायचा असेल, तर पॅरासिटामॉल तुम्हाला चालत असेल तर ५०० मिलीग्रॅमची एक गोळी पाऊण तास आधी घ्या. बधिर करणारं क्रीम जांघेत जाडसर लावून प्लास्टिकनं झाकण्याचा प्रकार करू नका. औषध जास्त प्रमाणात शरीरात शोषलं जातं आणि तेलकटपणामुळं वॅक्सही धरत नाही.

नंतरचे तीन दिवस

उरलेलं वॅक्स काढून गार पाण्यात भिजवलेला स्वच्छ रुमाल पाच-पाच मिनिटं ठेवा. नंतर सुगंध नसलेलं कोरफडीचं जेल पातळ लावा. हळद-बेसन, लिंबू, तुरटी, संत्र्याच्या सालीचं पीठ यातलं काहीही त्या जागी नको. केसांची भोकं उघडी असतात आणि हे सगळं तिथं झोंबतं. चोवीस तास डिओ, गरम पाण्याची आंघोळ, व्यायामशाळा आणि पोहणं बंद. दोन दिवस सैल सुती कपडे. सलवारीची नाडी किंवा जीन्सची शिवण जांघेत घासली की तिथंच पुळ्या येतात.

चौथ्या दिवसापासून आंघोळीत मऊ कापडानं हलकेच चोळा. आत वाढणाऱ्या केसांचा त्रास असेल तर २ टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं लोशन आठवड्यातून दोनदा काखेत आणि जांघेच्या बाहेरच्या भागावर लावा. आत वाढलेला केस दिसला तर सुईनं उकरू नका. दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं कोमट शेक द्या, तो बहुधा स्वतःच वर येतो.

केसांच्या मुळाशी बारीक पांढऱ्या टोकाच्या पुळ्या दोन दिवसांत आल्या, तर जागा कोरडी ठेवली की त्या सहसा बसतात. पण गाठ दुखरी आणि गरम झाली, लाली पसरत चालली किंवा ताप आला, तर ते केसतोड चिघळल्याचं लक्षण. दाबून पू काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

भाजलं तर पहिलं काम पाण्याचं: वीस मिनिटं गार पाणी. इथं एक इशारा, उन्हाळ्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून गरमच येतं, त्यामुळं माठातलं पाणी तांब्यानं ओतत राहा. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद नको. चिकटलेलं वॅक्स ओढू नका, आधी गार करा. फोड आला किंवा भाजलेली जागा जांघेत असली तर दवाखाना. साल निघाली असेल तर स्वच्छ पाण्यानं धुऊन पेट्रोलियम जेलीचा थर आणि वर सैल पट्टी, आणि त्वचा पूर्ण भरून येईपर्यंत तिथं वॅक्स नाही.

पुढची वेळ तीन ते पाच आठवड्यांनी. सगळे केस एकाच वेळी वाढत नसल्यामुळं पहिल्या वेळेनंतर आठवडाभरातच काही केस दिसू लागतात. ते राहून गेलेले नसतात, तेव्हा ते त्वचेच्या आतच होते. लगेच पुन्हा वॅक्स लावू नका. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत वाढ बऱ्यापैकी एकसारखी होते आणि मग पट्ट्याही कमी लागतात.